टॅबिथाचा हात

यॉर्कशायरच्या डोंगरातल्या त्या क्वेकर पंथाच्या शाळेत मुली मुख्य बाईंनासुद्धा नावाने हाक मारत आणि ‘तू’ म्हणत. देवापुढे सगळे सारखे. पण साधेपणाचा नियम कडक; रंगीत चिंधी कुणालाच चालत नसे.

म्हणून डोर्कसने निळी रिबीन गादीखाली लपवली होती. गादी तिची आणि टॅबिथाची, दोघींची. रिबीन सापडली तेव्हा मुख्य बाई प्रुडन्स यांनी आधी टॅबिथाला विचारलं. ‘माझी’ म्हणावं तर खोटं, ‘तिची’ म्हणायला जीभ रेटेना. ती गप्प राहिली. बाईंनी त्यालाच कबुली मानलं. सोमवारी पिठाची गाडी येईल, तिच्यातून टॅबिथाने घरी जायचं.

डोर्कस तिथेच उभी होती. तिला जायला घर नव्हतं. ती बोलली नाही.

शनिवारी दुपारी टॅबिथा पेटी भरत होती.

“चिडत का नाहीस?” डोर्कसने विचारलं.

“चिडून ऊब येते का गं? येत असेल तर चिडते.” ती खोकली. “मी प्रार्थना केली तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? जातेयस तू.”

“जड तुला जातंय.”

रविवारी मौनसभा. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलावं, आणि समोरच्या बाकावरच्या वडीलधाऱ्यांनी हात मिळवले की सभा संपली. आज उठायचंच, असं डोर्कसने ठरवलं होतं. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. टॅबिथाने ते पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला.

समोरच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्या जोनासने तेवढ्यात डोळे उघडले. हातात हात दिसले. त्याने शेजाऱ्याचा हात धरून हलवला. मग सगळ्यांनीच.

“अजून वीस मिनिटं होती,” शेजारी पुटपुटला.

“देवालाही एखाद्या दिवशी घाई असते,” जोनास म्हणाला.

शाली, टोप्या, गलका. डोर्कस बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“प्रुडन्स, मला सभेत बोलायचं होतं.”

“सभा संपली.”

“मग इथेच ऐक. रिबीन माझी होती.”

गलका थांबला. बाईंनी टॅबिथाकडे पाहिलं. “तू का नाही सांगितलंस?”

“ती सांगेल असं वाटलं.”

“आणि सांगितलं नसतं तर?”

“घरी जाऊन वाट पाहिली असती.”

बाई बराच वेळ शालीची गाठ मारत राहिल्या.

सोमवारी गाडी पीठ उतरवून रिकामीच परतली. डोर्कसला महिनाभर चुलींची राख काढायची शिक्षा झाली. टॅबिथा रोज मदतीला येई. डोर्कसने तिला एकदाही झाडूला हात लावू दिला नाही.