बारशाच्या दिवशी उठलेला जर

"हा हर्पीस सिम्प्लेक्स," त्वचारोगाचे डॉक्टर म्हणाले. बॅटरीचा झोत ओठावर मारून त्यांनी बघितलं, बस्स, तेवढंच. मला पहिला संशय तिथंच आला. दोन तास बाकड्यावर बसवतात, अर्धं मिनिट बघतात आणि वर इंग्रजी नाव सांगतात!

आमच्याकडं याला जर म्हणतात. अंगातला ताप ओठावर उतला की झाला जर. शेजारच्या काकू म्हणत होत्या, कोळी मुतलाय. नवऱ्याचं म्हणणं, मी तांबडा रस्सा फार ओरपते. डॉक्टर म्हणाले, हा व्हायरस, म्हणजे अगदी सूक्ष्म जंतू. एकदा अंगात शिरला की मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. ऊन लागलं, जागरण झालं, ताप आला की वर येतो.

"मग काढून टाका की त्याला," मी म्हटलं.

"काढता येत नाही, बाई. झोपवता येतो."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. व्हायरसवरचं मलम तेव्हा आमच्या कोल्हापुरात नवंच आलं होतं. करंगळीएवढी ट्यूब, दिवसातनं पाच वेळा लावायची. आठवड्यात ओठ साफ झाला. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते! महिन्यानं परत त्याच कोपऱ्यात डाळीएवढ्या फोडांचा झुबका. मी दुकानदारावर संशय घेतला. ट्यूब हुंगली, तिच्यावरची तारीख वाचली, दुकान बदललं. मग गोळ्या झाल्या. गोळ्या संपल्या, आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा तेच.

"औषध खोटं आहे की तुमचं निदान?" मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "औषध आलेला फोड लवकर बसवतं. परत येणं थांबेलच, असं नाही. ओठ चुणचुणला की लगेच लावा, फोड दिसायची वाट बघू नका. आणि चुणचुण सुरू झाली की तेव्हापासनंच तो दुसऱ्याला लागू शकतो."

दुसऱ्याला लागतो म्हटल्यावर माझं डोकं भलतीकडं धावलं. मग मला कुणाकडनं लागला? घरी येऊन नवऱ्याला सरळ विचारलं, "खरं सांगा, कुठं शेण खाल्लंत?" बिचाऱ्याला ठसका लागला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनीच उलगडा केला. बहुतेकांना हा लहानपणीच लागतो, घरातल्याच कुणीतरी मायेनं घेतलेल्या मुक्यातनं. तेव्हा मला आई आठवली. दर उन्हाळ्यात तिच्या ओठाला खपली असायची, आणि तसल्या ओठांनी ती माझे पटापटा मुके घ्यायची. दवाखान्यातच मला रडू फुटलं. नवऱ्याची माफी मागितली, ती मात्र घरी जाऊन.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे फोन जोडून द्यायचे. कानाला आणि तोंडाला लावायचा हेडसेट पाळीपाळीनं सगळ्याजणी वापरायचो. माझी पाळी संपली की पुढची बाई तो स्पिरिटनं खसाखसा पुसायची, तेही माझ्यादेखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज सांगते, तिचंच बरोबर होतं. तुम्हालाही हा त्रास असेल तर आपला पेला, टॉवेल वेगळा ठेवा, आणि कुणी जपून वागलं तर राग धरू नका. मी धरला, उगाच धरला.

अशात वहिनीला मुलगी झाली. दोनदा पोट पडल्यावर, आठ वर्षांनी. मी दादाची एकुलती बहीण, म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझाच. डॉक्टरांना आनंदानं सांगायला गेले, तर त्यांचा चेहराच बदलला. "मोठ्या माणसाला हा नुसता त्रास आहे. इतक्या कोवळ्या बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेततं. ओठ चुणचुणला तरी बाळाजवळ तोंड न्यायचं नाही."

बारसं कागलला, वहिनीच्या माहेरी. आदल्या दिवशी तिचा निरोप आला, "वन्सं, तब्येत बरी हाय न्हवं?" माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हिला नाव सांगायला तिच्या माणसांतलीच कुणीतरी पुढं करायची असणार!

एसटीत खिडकीशी बसले होते. गोकुळ शिरगाव मागं पडलं आणि ओठाचा कोपरा चुणचुणला. पिशवीतनं ट्यूब काढून तिथंच मलम लावलं. कागलला पोचल्यावर आधी आरसा गाठला. ओठ स्वच्छ! कुणालाही कळलं नसतं. कानातच तर सांगायचंय, मुका थोडाच घ्यायचाय, असं मन म्हणत होतं. भासही असेल. इतके दिवस सगळ्यांवर संशय घेतला, आता माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

पाळण्याभोवती बायका जमल्या. मी उंबऱ्यातच थांबले.

"या की वन्सं, लांब का हुबा ऱ्हायलासा?" वहिनी म्हणाली.

"मी जवळ येत न्हाई. व्हटाला चुणचुण सुटलीया. बाळाला लागंल."

वहिनीची आत्या माझं तोंड निरखत म्हणाली, "काय बी दिसंना की! नाव पसंत नसंल, दुसरं काय."

बायका कुजबुजल्या. माझे डोळे भरून आले. वहिनी म्हणजे दोनदा रिकाम्या ओटीनं दवाखान्यातनं परतलेली बाई. तिनं बाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग तितनंच सांगा की, वन्सं. दिवसभर मुंबईला ऐकू जातंय तुमचं, पाळण्यापतोर जाईना व्हय?"

मी पदर तोंडावर धरला आणि ट्रंक लाइनवर ओरडतात तशी ओरडले, "कुर्रऽऽ! स्नेहल!"

पोरगी दचकून टाहो फोडून रडायला लागली. सगळ्या हसल्या. नाव सांगितलं की बाळाच्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडं रीत. पण मी दारात आणि बायका पाळण्याशी, कुणी जागची हलली नाही. पाठ तशीच घेऊन मी परत वळले. तेवढ्यात मागनं बांगड्यांचा आवाज आला. बाळंतीण वहिनी पाळणा सोडून उठून आली होती.

"पाठीला तर काय झालं न्हाई न्हवं?" ती म्हणाली, आणि दणदणीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या आरशात बघितलं. त्याच कोपऱ्यात टपोरा फोड आला होता. त्याला बघून बरं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मलम लावलं. पण ओठापेक्षा पाठच जास्त ठणकत होती.