पुढचा तांबडा दिवा

माझा थोरला भाऊ डिचोलीत पायलट आहे. परगावच्यांना वाटतं विमानाचा. आमच्या गोव्यात भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पायलट म्हणतात. पुढचं मडगार्ड पिवळं दिसलं की समजायचं. दादाच्या गाडीवर त्या पिवळ्या मडगार्डाच्या वर एक तांबडा दिवा आहे. त्या दिव्याची मला भीती वाटते.

तो कसा आला ते सांगते. मयेच्या वळणावर खाणीच्या ट्रकाने दादाला रस्त्याबाहेर फेकलं, आणि हा पठ्ठ्या माती झटकून उठला. आईने दुसऱ्याच दिवशी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं, तुझा दिवा पेटता ठेवू म्हणाली. तिच्या मनात आंब्याखालच्या दगडापुढची पणती होती. दादाने डोकं लढवलं. राखणदार हातात पेटती चूड घेऊन गावची शीव फिरतो, मग त्याचा दिवा एका जागी कशाला? त्याने तो गाडीलाच बसवला. तांबडा, कारण चुडीचा उजेड तांबडा.

पेडण्याला मावशीकडे जाताना वाहतूक पोलिसाने अडवलं, तेव्हा मी मागे बसले होते. माणूस तसा सरळ; पुढे पांढरा, मागे तांबडा हा नियम त्याने समजावून सांगितला.

"फुडें तांबडो दिवो चलना," तो म्हणाला. "धवो फुडें, तांबडो फाटीं. तांबडो दिसलो काय मनीस समजता, गाडी आपल्या फुडें वता. ती येता हें ताका कळचेंच ना."

"देवाचो आसा तो," दादा म्हणाला.

 पोलिसाने चलन फाडलं, पण दिव्याला हात लावला नाही. त्याच्याही गावाला राखणदार असणार.

घरी मी आकांडतांडव केलं. आईने कानांवर हात ठेवले. "बोललेलो दिवो इझयलो तर घरावर येतला," ती म्हणाली. घरावर म्हणजे कोणावर, ते बोलली नाही. देवाला मीही मानते. पण हा कायदा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेला आहे, हे या दोघांना कोण सांगणार!

या थंडीत एका सकाळी मी स्कूटरने कामावर निघाले होते. नार्व्याच्या नदीकाठी धुकं असं की रस्त्याची कडा दिसेना. पुढे एक तांबडा ठिपका दिसला आणि मला हायसं वाटलं. कोणीतरी पुढे चाललंय, त्याच्या मागून गेलं की झालं. मी त्याच्यावर नजर ठेवून वेग वाढवला. ठिपका फार लवकर मोठा होत होता. पोलिसाचं बोलणं आठवलं तोवर पिवळं मडगार्ड समोर आलं होतं. मी हँडल वळवलं आणि शेतात जाऊन पडले.

दादाच होता. धुक्यात पांढरा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्याने मोठा दिवा विझवला होता. तांबडा तेवढा चालू. धावत आला, माझ्या तोंडावरचा चिखल पुसू लागला. मला रडू फुटलं. आता तरी याला कळलं असेल, असं वाटलं.

"राखणदारान वाचयल्यान तुका," तो म्हणाला. "तेचो दिवो होतो म्हणान."

मी ओरडले, भांडले, शपथा घातल्या. त्याने सगळं मायेने ऐकून घेतलं. संध्याकाळी आईने माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं.

आता मडगार्डाच्या वर दोन तांबडे दिवे आहेत. दुसरा माझा. धुकं अजून सरलेलं नाही, आणि दादा रोज सकाळी दोन्ही पेटवून निघतो.