माझ्या खालचं नाव

"आधी माप घेऊ द्या जी."

कुणी काहीही विचारलं की आमच्या गल्लीतला शिंपी हेच म्हणायचा. ब्लाउज कधी मिळेल, नळाला पाणी कधी येईल, यंदा कोण निवडून येईल, सगळ्याला उत्तर एकच. गळ्यातली टेप काढायची, दोन हातांत ताणायची, समोरच्याकडे डोळे बारीक करून पाहायचं आणि मग बोलायचं. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत, करंजाच्या झाडाखाली, फूटपाथवर त्याचं मशीन होतं. असा एखादा शिंपी तुमच्याही गल्लीत असेल. पण तुम्ही त्याच्यावर जळला नसाल. मी जळलो, आणि अगदी मनापासून जळलो.

कारण सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा. मी मूळचा निपाणीचा. बाविसाव्या वर्षी इथं कारखान्यात लागलो, त्याला चाळीस वर्षं झाली. माझी कन्नड अशी की भाजीवाली अक्का मला मंड्याचा, अस्सल कानडी समजते. मराठी बोलायची ती घरात आणि आमच्या मराठी मंडळात. मंडळाचा अध्यक्ष मीच. निवडणूक आली की उमेदवार पहिल्यांदा माझ्या फाटकाशी यायचा आणि तुमची घरं किती, असं विचारायचा. मी म्हणायचो, साठ. मग माझ्या खांद्यावर शाल पडायची आणि मी त्याच्या उजव्या हाताला चालत गल्ली फिरायचो. राजकारणातून मला दुसरं काही नको होतं. ते दोन तास पाच वर्षं पुरायचे.

पुढं साठाची पन्नास झाली, पन्नासाची वीस. पोरं पुण्याला गेली, अमेरिकेला गेली. म्हातारे वर गेले. त्यांच्या माड्यांवर ओडिशाची मुलं आली, बिहारचे रंगारी आले, तेलुगू जोडपी आली. नागपूर-पुण्याच्या मुलीही आल्या. त्या सकाळी मेट्रो बदलून महादेवपुऱ्याला ऑफिसात जायच्या आणि मला जिन्यात भेटल्या तर इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणायच्या. मी अध्यक्ष आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. शिंप्याला मात्र सगळे ओळखत.

तो वर्ध्याकडचा. हिंदी त्याला घरचीच, त्यामुळे रंगारी त्याच्याशी दोन मिनिटांत गावाकडच्या गप्पा मारू लागत. कन्नड त्यानं गिऱ्हाइकांकडून उचलली होती, तीही मोडकीतोडकी. "अक्का, स्वल्प लूज माडू?" म्हणजे थोडं सैल करू का, असं तो जुन्या बायकांना विचारायचा आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, मग त्याला नीट शिकवायच्या, वर घरून चित्रान्न आणून द्यायच्या. माझ्या चाळीस वर्षांच्या बिनचूक कन्नडवर असं प्रेमानं कुणी हसलं नाही. चुकलोच नाही तर शिकवणार कोण?

त्यात तो राहायला माझ्याच घरामागच्या खोलीत, पाच वर्षांपासून. मला तो 'अण्णाजी' म्हणायचा, इकडचा अण्णा आणि तिकडचा जी. बायकोला ते फार गोड वाटायचं, मला कुणी मीठ घातलेला चहा दिल्यासारखं व्हायचं.

नव्या माणसाच्या खांद्यावर टेप टेकवता टेकवता तो विचारायचा, नाव इथल्या यादीत आहे की गावाकडच्या? गावाकडच्या म्हटलं की त्याला त्या नागपूरच्या मुलींकडे पाठवायचा. त्या फोनवर फॉर्म भरून देत. गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं नाव अजून गावाकडेच होतं. पण दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीच्या मतदारयादीत अशी आडनावं आली की मला धड वाचताही येईनात.

विधानसभेच्या वेळी व्हायचं तेच झालं. मी नीळ घातलेला पांढरा सदरा घालून फाटकात उभा होतो. उमेदवार आला, मला लांबून नमस्कार केला आणि तसाच पुढे गेला, थेट मशीनपाशी. शेजारच्या गल्लीत कन्नड अभिमानावर घसा बसेपर्यंत बोललेला हा माणूस इथं हिंदीत सुरू झाला. त्यानं विचारलं, तुमची घरं किती?

शिंपी उठला. म्हणाला, "आधी माप घेऊ द्या जी." आणि खरोखरच टेप लावली. उमेदवाराचं जाकीट खांद्यात ढगळ होतं. त्यानं त्याला दोन्ही हात पसरून भर रस्त्यात उभं केलं, पाठ मोजली, छाती मोजली. गल्ली खिडक्यांत येऊन हसत होती, उमेदवारही हसत होता. मग शिंपी म्हणाला, माझी घरं कुठली साहेब, माझी फक्त गिऱ्हाइकं. त्यांना तुम्हीच विचारा. तो फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेला. फोटोत एका कडेला माझा अर्धा सदरा आला होता.

शाल त्याला मिळाली. त्यानं ती माझ्या बायकोला दिली, मशीन झाकायला फार चांगली आहे, खराब होईल म्हणाला. आमच्या घरी ती अजून आहे. मी तिला हात लावत नाही.

त्यानंतर महिन्याभरानं तो माझ्याकडे फोटो लावलेल्या फॉर्मसकट एक कागद घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेला. त्याला आपलं नाव इथल्या यादीत लावायचं होतं. भाड्याचा करार आम्ही कधी केलाच नव्हता, तेव्हा हा माणूस माझ्या घरी राहतो असं लिहिलेल्या कागदावर माझी सही हवी होती. फूटपाथचं काम निघणार अशी कुणकुण त्याला लागली होती.

"मत असलं की माणूस मोजल्या जाते जी," तो म्हणाला. "नाहीतर उचलाले येते कोणीबी."

मी म्हणालो, "स्वल्प थांब. बघतो."

चष्मा सापडत नाही म्हणालो. मग पेन चांगलं नाही म्हणालो. मग मंडळाचा कार्यक्रम आला. कागद मी कपाटात, विजेच्या बिलांखाली ठेवला. तो दर सोमवारी मागच्या दारानं येऊन विचारायचा आणि मी बघतो म्हणायचो. त्यानं कधी आवाज चढवला नाही. उलट एकदा माझ्या पँटची उसवलेली शिलाई न सांगता घालून दिली. त्यानं माझा राग आणखीच वाढला. असा चांगुलपणा सहन करायला आपणही तेवढं चांगलं असावं लागतं.

बायकोनं ओळखलं होतं. "सही करायला हात मोडलाय व्हय तुमचा?" तिनं एकदा ताट वाढता वाढता विचारलं. मी कोशिंबिरीत मीठ कमी आहे म्हणालो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. यादीत नाव आलं की हा इथलाच होणार. मला इथलं व्हायला चाळीस वर्षं लागली, आणि याला पाच?

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात फूटपाथचं काम आलं. फुलवाली आणि शहाळीवाला यांना कोपऱ्यावर जागा मिळाली, त्यांच्यासाठी त्या उमेदवाराच्या माणसानं येऊन शब्द टाकला. मशीनपाशी आल्यावर त्यानं शिंप्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. यादीतली माणसं त्याला मीच सांगायचो, पहिल्यापासून. त्यानं कन्नडात विचारलं, अण्णा, हा आपल्या यादीत आहे का?

शिंपी माझ्याकडे बघत होता. मी सही केली असेल असं त्याला अजून वाटत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

मी म्हणालो, "इल्ला."

नाही. खरं तेच बोललो. ते खरं का होतं हे त्या गल्लीत मला आणि माझ्या कपाटालाच ठाऊक होतं. एवढी कन्नड शिकलो त्यातला हा एक शब्द मला आता घशाखाली घालता येत नाही.

मशीन तिथून हलवावं लागलं. शिंप्यानं ते टेम्पोत चढवायला मलाच हात लावायला बोलावलं, आणि मी लावला. होसकोट्याकडं एका कपड्याच्या कारखान्यात ओळखीचं कुणी होतं. रोज इतक्या लांबून येणं जमणार नाही म्हणून त्यानं खोलीही सोडली. जाताना बायकोच्या पाया पडला. मला म्हणाला, येतो अण्णाजी, तब्येत सांभाळा. टेम्पो वळल्यावर मी घरात आलो, विजेची बिलं बाजूला केली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी स्वतः रांगेत उभं राहून कागद देऊनही आलो. तुम्ही हसाल, पण त्या रांगेत मी पहिल्यांदा त्याच्यासाठी काही केलं.

लोकसभेच्या आधी यादी आली. शालीचा मान गेला असला तरी मतदानाच्या दिवशी बूथवर बसायचं काम अजून माझ्याकडेच होतं, कारण दिवसभर त्या बाकावर बसायला दुसरं कुणी तयार नसतं. घर क्रमांक माझा. आधी बायको, मग मी, आणि माझ्या खाली तो. फोटोत गळ्यात टेप होती.

मी फोन केला. त्यानं आधी बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. तुझं नाव आलं, मतदानाला ये, म्हणालो.

"खरंच आलं जी?" मग म्हणाला, "बघतो."

तो टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्याला येतच नसे. पण सात महिने मी दर सोमवारी त्याला दिलेला शब्द होता तो, आणि मला बरोबर जागी लागला.

मतदानाच्या दिवशी मी बाकावर बसून एकेका नावापुढे पेन्सिलीनं खूण करत होतो. रंगारी आले, नागपूरच्या मुली आल्या, भाजीवाली अक्का आली. बायको सकाळीच येऊन गेली. दर वेळी दारात कुणी उभं राहिलं की मी मान वर करायचो. सहाला पाच कमी असताना आमच्या पानावर फार नावं बिनखुणेची राहिली नव्हती.

अधिकारीणबाई दार लावायला उठल्या. मी म्हणालो, बाई, पाच मिनिटं आहेत अजून. त्यांनी विचारलं, कुणी यायचं राहिलंय का?

"हो," मी म्हणालो. "आमच्या घरातला एकजण."

त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मी यादीत माझ्या नावाखाली पेन्सिल टेकवून बसलो.