हौद्यातली रोशनाई

आमच्या घरातल्या बायका परक्या पुरुषाच्या नजरेला कधी पडल्या नाहीत. एकदाच पडल्या, तेव्हा अख्ख्या जळकोट गावाच्या नजरेला पडल्या. आणि तेही कशानं, तर आमच्या यांनी पिकप मोटारीच्या हौद्यात बसवलेल्या दिव्यांनी!

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. संस्थान विलीन झालं, कचेरीतली उर्दू गेली, हाली रुपया गेला. पण बेंबळीतल्या आमच्या घरचा बायकांचा गोशा काही विलीन झाला नव्हता. देवळात जायचं तरी बैलगाडीला चारी बाजूंनी जाजम लावायचं आणि आम्ही आत कोंबड्यांसारखं बसायचं. (कोंबड्यांना निदान डालग्याच्या फटीतून बाहेरचं दिसतं. आमच्या सासूबाई फटीसुद्धा टाका घालून बंद करायच्या.) मला त्याचा फारसा त्रास नव्हता. मी जात्याच लाजाळू. शाळेत नवीन गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा मी शेजारी बसलेल्या मुलीचं सांगितलं होतं. आपलं सांगायची लाज वाटली म्हणून!

अशा आमच्या घरात यांनी मिलिटरीच्या लिलावातून पिकप मोटार आणली. पुढं दोन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागं उघडा लोखंडी हौदा. भाजी, कडबा, ज्वारीची पोती, सगळं त्या हौद्यातून धाराशिवच्या बाजाराला जायचं. मोटारीला पुढं दिवे होते, पण हौद्यात मिट्ट काळोख. पहाटे माल उतरवताना वांग्याच्या पाटीत हात घालावा तर हाताला मिरची लागायची, आणि तोच हात पुढं डोळ्याला! म्हणून यांनी हौद्यात कंदील टांगला. मोटार हलली, कंदील हलला, कडबा पेटला. बाजाराला कडबा घेऊन निघालेले हे अर्ध्या वाटेवरून राख घेऊन परत आले.

"आता इजेचेच दिवे लावतो!" भुवया जळालेल्या, तरी आवाज काय उत्साहाचा!

गावात तेव्हा वीज सोडा, विजेचा खांबसुद्धा आला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, घरात चिमणी लावून जेवतोय आपण, अन् मोटारीच्या बुडाला इजेचे दिवे?"

"आई, बॅटरीवर चालत्यात. तुमी बघाच!"

हे धाराशिवच्या एका मिस्त्रीकडं ठाण मांडून बसले आणि येताना वायरीचं भेंडोळं, दोन बारके बल्ब आणि कुठल्या तरी मोडीत गेलेल्या ट्रकचा एक मोठा डोळा घेऊन आले. बारके दिवे हौद्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांत बसवले. त्यांना तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोप्या केल्या आणि पोतं आदळून फुटू नयेत म्हणून तारेची जाळी लावली. मोठा डोळा केबिनच्या पाठीवर, तोंड मागं करून ठोकला. बटण यांच्या हाताशी.

बटण दाबलं आणि काय सांगू! हौदा नुसता झळाळला. कोपऱ्यात पडलेलं मेथीचं वाळलेलं पानसुद्धा दिसायला लागलं. अर्धा गाव अंगणात लोटला. सासूबाईंनी मोठ्या दिव्याला हळदकुंकू वाहिलं आणि बोट पोळून घेतलं. म्हैस बिथरली, तिनं त्या दिवशी दूध दिलं नाही. पण यांच्या तोंडावर जो आनंद होता तो आमच्या लग्नातसुद्धा मी पाहिला नव्हता. (म्हणजे मान खाली होती म्हणून पाहिला नव्हता. असेलही.)

त्याच सुमारास माझ्या नणंदेची, वत्सलाची, सोयरीक जळकोटच्या दादारावांच्या मुलाशी जुळत आली. वत्सलानं मुलाला दाराच्या फटीतून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकरी थापताना आपल्याशीच हसत होती. मुलाबद्दल प्रश्नच नव्हता. प्रश्न होता मुलाच्या वडिलांचा. दादाराव म्हणजे डोक्याला मोठा फेटा, ओठावर भारा बांधावा एवढ्या मिशा आणि बोलणं मोजकं. काही ठरवून सांगायचं असलं की आधी घसा फाडून खोकायचे, मग मिशीला पीळ द्यायचे, मग बोलायचे. त्यांनी याआधी एक सोयरीक मोडली होती. का, तर मुलीची आई अंगणात मोठ्यानं हसली!

आमचं घर मात्र त्यांच्या मनात भरलं. "तुमच्यात गोशा हाय," ते खोकून, पीळ देऊन म्हणाले होते, "ही गोष्ट आपल्याला लई पसंत."

टिळा जळकोटला व्हायचा होता. दादारावांची म्हातारी आई खाटेवरून फार हलत नसे आणि तिला मुलगी डोळ्यांनी बघायची होती. म्हणून आम्ही बायकांनीही जायचं ठरलं. बैलगाडीनं कुठं पोचतो? पिकपनंच जायचं.

आता हौद्याला पडदा हवा. सासूबाईंनी जुनं जाजम काढलं. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, जाजमात जीव गुदमरंल. अन् काळ्या जाजमात यांचे दिवे बी खुलायचे न्हाईत. पांढरं मांजरपाट लावू की!"

घरात मी सुचवलेली आणि सगळ्यांना पटलेली ती पहिलीच गोष्ट. सासूबाईंनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. मी दोन दिवस बसून पडदा शिवला. एक सुरकुती ठेवली नाही. ताणून बांधला तेव्हा तबल्याच्या पुडीसारखा वाजत होता!

सकाळी निघालो. केबिनमध्ये हे आणि मामंजी, हौद्यात सासूबाई, वत्सला, मी, लाडवांचा डबा आणि टिळ्याचं सामान. वाटेत चाक बसलं. ते काढून होतंय तोवर दुसऱ्याची हवा गेली. जळकोटला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दादारावांच्या दारासमोर पारावर झाडून सगळं गाव जमलेलं. अशा वेळी हे दिवे लावायचे थांबतात होय? गावात शिरताशिरताच बटण दाबलं! खाचखळग्यांनी दोन्ही बारके दिवे कधीच विझले होते. राहिला तो केबिनवरचा मोठा डोळा. तो मात्र असा पेटला, की आम्ही तिघी डोळे चोळत बसलो.

बाहेरून यांचा आवाज आला. "तुमी बसा आतच. अंगणातली माणसं बाजूला झाली की बलावतो."

हे आणि मामंजी घरात गेले. आम्ही बसलो. आत लख्ख उजेड, चारी बाजूंनी पडदा, बाहेरचं काही दिसत नाही. म्हणजे बाहेरच्यांनाही आतलं दिसत नसणार! (चौथी पास झालेल्या बाईनं याहून जास्त विचार काय करावा?)

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर काढला, पाय पसरले. "उकाड्यानं जीव गेला बाई!" म्हणत अंबाड्यातलं खोट्या केसांचं गंगावन काढून माझ्या मांडीवर टाकलं, डबा उघडला आणि लाडू तोंडात घातला. लगेच बाहेर कुणीतरी खिदळलं.

"वैनी," वत्सला म्हणाली, "मला लई भ्या वाटायलंय."

"कुणाचं गं?"

"माझ्या होणाऱ्या मामंजींचं. त्येंच्या मिशा बघूनच पळून जावंसं वाटायलंय. मला ह्या घरात यायचंय हो, पण त्येंच्यासमोर उभंच ऱ्हाता यायचं न्हाई मला!"

तिचे डोळे भरले. आता हिला हसवायचं कसं? बाहेरच्या जगात मी मुकी, पण चार भिंतींच्या आत बायकांमध्ये मी नकला चांगल्या करायची. (हे यांनासुद्धा माहीत नव्हतं.) मी टॉवेल घेतला आणि डोक्याला फेटा गुंडाळला. सासूबाईंचं गंगावन उचललं, मधोमध लाडवाचा पाक लावला आणि ओठावर चिकटवलं. ऐटीत उभी राहिले. घसा फाडून खोकले.

बाहेर एकदम हशा झाला.

"बहुरूपी आलाय वाटतं गावात," सासूबाई म्हणाल्या. "काय एकेकाचं नशीब! आपल्याला मेलं कायबी बघाय मिळत न्हाई."

मी मिशीला पीळ दिला. वत्सला पदर तोंडात कोंबून हसली. बाहेर शिट्ट्या! मी पोट पुढं काढून हौद्यात येरझारा घातल्या. बाहेर टाळ्या! मला वाटलं, काय योगायोग बाई!

"जरा थांब," सासूबाई म्हणाल्या, "तिकडचं ऐकू तरी दे." मी थांबले. बाहेर सामसूम. "आगं, तू थांबलीस की त्यो बहुरूपी बी थांबतोय! कर बघू परत."

मी परत खोकले. बाहेरचा पार हशानं हादरला! आता मला चढलीच. मी दादारावांसारखं हात मागं बांधून गरजले, "आपल्याला ही गोष्ट लई पसंत!" आणि सासूबाईंच्या हातातला लाडू हिसकावून मिशीखालून आत सरकवला. सासूबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

बाहेर लोक लोळायला लागले होते, हे मला नंतर वत्सलाच्या नवऱ्यानं सांगितलं. मागच्या, पाराकडच्या पडद्यावर आमच्या सावल्या हत्तीएवढ्या पडल्या होत्या. सासूबाईंचा अंबाडा निघालेला, लाडू गेलेला, सगळं साफ दिसत होतं. आणि त्यात फेट्याचे, मिशांचे, खोकणारे दादाराव! फक्त लुगड्यातले.

गलका ऐकून खरे दादाराव बाहेर आले. मागोमाग हे. यांनी पडद्याकडं पाहिलं आणि धावत जाऊन बटण बंद केलं. गप्पकन अंधार.

"लावा की दिवा!" पारावरून ओरडा झाला. "सोंग अर्धंच ऱ्हायलं!"

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. दिव्याला काय झालं ते यांना विचारावं म्हणून मी पडदा सारून तोंड बाहेर काढलं. समोर गॅसबत्ती. तिच्या उजेडात दादाराव. त्यांना फेटा, मला फेटा. त्यांना मिशा, मला मिशा. त्यांच्या मागं अख्खं जळकोट, माझ्या मागं गाल फुगलेल्या सासूबाई.

मला एवढंच सुचलं, की समोर परका पुरुष आहे, डोक्यावर पदर पाहिजे. मी झटकन पदर घेतला. फेट्यावरून! मिशी तशीच.

दादाराव यांच्याकडं वळले. "तुमच्यात गोशा हाय म्हणला होता."

"हाय की जी," हे घाम पुसत म्हणाले. "ह्यो काय पडदा."

"पडदा दिसला. समद्या गावाला दिसला!"

माझ्या पाठीमागं वत्सलाच्या हुंदक्याचा आवाज आला. एका हसण्यावर सोयरीक मोडणारा माणूस, आणि इथं तर मी त्याचा अख्खा खेळच मांडला होता! मला वाटलं, हौद्याला भोक पडावं आणि मी खाली जावं.

तेवढ्यात दारातल्या खाटेवरून म्हातारी ओरडली, "दाद्या, ती कोण रं? तुझ्यापरीस ती झ्याक खोकती!"

हशा झाला आणि दादारावांनी नजर फिरवताच विझला. मग जे झालं ते मी अजून विसरले नाही. वत्सला हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून खाली उतरली. पदर नीट केला, मान खाली घातली, पण बोलली. "वैनीची चूक न्हाई जी. मला तुमचं भ्या वाटत व्हतं. म्या हसावं म्हणून त्येंनी केलं."

"मग? आता वाटतंय का भ्या?"

वत्सलानं वर त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई जी. आता तुमच्याकडं बघितलं की वैनीच दिसायल्यात."

पारावर कुणीतरी नाकातून हसू सोडलं. दादाराव ताठ झाले. आता ते निर्णय सांगणार. सांगायचा तर आधी खोकायला पाहिजे! सगळं गाव त्यांच्या घशाकडं बघत होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. हात मिशीकडं निघाला, अर्ध्यात थबकला, खाली गेला. खोकल्याशिवाय शब्द निघेना आणि खोकायची सोय उरली नव्हती. चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. मी मनातल्या मनात देवीचा धावा करत होते, आणि तेवढ्यात तो आलाच. असा खोकला, की गॅसबत्ती फडफडली!

पारावर हशा फुटला. म्हातारी खाटेवर उलटीपालटी झाली. आणि दादाराव! आधी खांदे हलले, मग पोट, मग मिशा. हसताना तो माणूस लहान मुलासारखा दिसत होता. कितीतरी वेळानं डोळे पुसून म्हणाले, "उतरवा बायकांना. टिळा उरकून टाकू." आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "त्यो मोठा दिवा कुटं मिळतोय हो?"

झालं! बायको मिशा लावून हौद्यात उभी आहे हे विसरून हे त्यांना वायरी दाखवायला केबिनकडं घेऊन गेले.

वत्सलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात थाटात झालं. तिला त्या घरात कुणी उणं बोललं नाही, आणि दादाराव खोकले की ती घराच्या आत पळून जाऊन हसायची म्हणे. मी पुढं कितीदा तरी जळकोटला गेले. हनुवटीपर्यंत पदर ओढून, भिंतीच्या कडेनं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, की त्या दिवशी मी घराण्याचा गोशा बुडवला. मला ते मान्य नाही. गॅसबत्तीच्या लख्ख उजेडात का होईना, पण जळकोटच्या एकाही परक्या पुरुषानं मला आजवर बिनमिशीची पाहिलेली नाही. याहून कडक गोशा कुणी पाळून दाखवावा!