बैलाचा पाय न लागलेली भाजी

विद्युल्लताबाई बेळगावच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांचा हट्ट काही निवृत्त झाला नाही. कॉलनीतली मोकळी जागा गणपतीपुरती साफ व्हायची, एरवी वर्षभर तिथं कचरा आणि गाजरगवत. त्या जागेत कॉलनीपुरती भाजी पिकवायची, असं बाईंनी ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुदळ मात्र एकट्या बाईंच्याच हातात राहिली. घरोघरचा ओला कचरा मागून आणून त्यांनी खत केलं. लोक हसले. हसेनात का, श्रावणात अळू, भेंडी, पडवळ, दोडक्यांचा मळा उभा राहिला.

तेवढ्यात गणपती जवळ आले. मंडळाचा अध्यक्ष युवराज हा बाईंचाच विद्यार्थी. तो येऊन म्हणाला, "बाई, मंडप दरवर्षी हितंच पडतोय. रविवारी पोरं येतील, तेवढं काढून घ्या."

"पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात घाल की."

"तिथं लई बारका दिसंल, बाई."

कॉलनीच्या बैठकीत बाईंच्या बाजूनं कुणी तोंड उघडलं नाही. उलट एकजण म्हणाला, देवाच्या आड येऊ नये. हे बाईंना फार लागलं. घरी येऊन त्या रडल्या आणि डोळे पुसताना त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, हातानं पिकवलेलीच भाजी चालते.

सकाळी बाईंनी थेट युवराजच्या आईचं दार वाजवलं. "नागुबाई, पंचमीची भाजी कुठून आणता?"

"बाजारातनं. दुसरं कुठनं?"

"ती बैलाची नाही, हे कोण सांगतं?"

"इकणारी सांगती. तिच्या तोंडाकडं बघायचं आन् घ्यायची."

"माझ्या मळ्यात सगळं कुदळीनं खणलंय, तुमच्या डोळ्यांदेखत. हवी तेवढी न्या. फक्त येऊन तण भांगलून द्या."

मग बाई पुढच्या दारी गेल्या, आणि त्याच्या पुढच्या.

रविवारी पोरं बांबू घेऊन आली, तर वाफ्यावाफ्यात त्यांच्याच आया वाकलेल्या. नागुबाईनं मानही वर केली नाही. "युवराज, हितं खांब रोवायचा न्हाय."

"आई, मग मंडप?"

"टाकीजवळ घाल. देव काय मोजमाप घिऊन येतोय व्हय?"

मंडप टाकीजवळ पडला. पंचमीला घरोघर मळ्यातली भाजी शिजली आणि वाफे रिकामे झाले. बाईंना त्या रात्री चैन पडेना. बायका आल्या होत्या त्या पंचमीपायी. पंचमी सरली, आता कोण कशाला येतंय? एकटीनं आणखी किती वर्षं खणायचं? तरी सकाळी त्यांनी कुदळ उचललीच.

मळ्यात चिखलानं माखलेल्या बायका मेथी पेरत होत्या. वाफे आपसात वाटूनही झाले होते.

"उशीर केलासा बाई," नागुबाई म्हणाली. "तुमचा वाफा त्यो गटारीकडचा. कुणी घेईना झालं, म्हणून तुमास्नी ठेवलाय."

बाईंनी मुकाट्यानं पदर खोचला आणि गटारीकडच्या वाफ्याकडे निघाल्या.