एकोणीस रविवारच्या खुणा

जुलैचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. हजर: माझा मोठा भाऊ, वहिनी, माझा नवरा आणि मी. गिटारी सहा. गैरहजर एक, दादाची.

ही हजेरी मी चहा गाळताना मनातल्या मनात घेतली. सवयच आहे. उरणला कंटेनरच्या गोदामात माल पाठवायचा विभाग मी बघते. दार न उघडताच ‘तपासला’ अशी खूण करणाऱ्या दोघांना मी तिथे लेखी ताकीद दिलेली आहे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे लागणार आहे.

घरी मी जुन्या गिटारी जमवते. वाजवता येतात म्हणाल तर चार कॉर्ड, तेही दादाने शिकवलेले. पण सांभाळणं मला जमतं. नेरूळच्या आमच्या फ्लॅटची लहान बेडरूम त्यांना दिली आहे. खाडीवरची हवा पावसाळ्यात लाकूड फुगवते, आणि जुन्या गिटारी ज्या सरसाने जोडलेल्या असतात तो सरस ओलीत पकड सोडतो. म्हणून खोलीत हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र आहे, दाराजवळ तो मोजणारा मीटर आहे आणि कपाटाच्या दाराला आतून रविवारची यादी चिकटवलेली आहे. यंत्राची बादली ओतली. मीटर पाहिला. प्रत्येक गिटारीची केस, म्हणजे पेटी, उघडून वास घेतला. ब्रिजखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ब्रिज म्हणजे खालच्या बाजूला तारा अडकवायची लाकडी पट्टी. तिच्याखाली कागद शिरायला लागला, की ती सुटायला लागली म्हणून समजायचं.

सातवी गिटार दादाची. जर्मन, लहान अंगाची, माझ्या जन्माआधीची. एका बोटीवरच्या खलाशाकडून त्याने ती घेतली आणि तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवली. पनवेलपासून उरणपर्यंत असा गणपती मंडप नसेल जिथे ती वाजली नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीत, त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला. गिटारीवर सूर धरतो तोच हात.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर गिटार माझ्याकडे पाठवली. “नावड्याच्या घरात भिंतीला ओल येते,” म्हणाला. “तुझ्याकडे तुझं ते मशीन आहे, याद्या आहेत. फक्त एक कर. तारा उतरवू नकोस. सुरात ठेव. मी कधीही येईन.”

न वाजवता ठेवायच्या गिटारीच्या तारा सैल करायच्या असतात. सुरात ताणलेल्या तारा चोवीस तास ब्रिज खेचत असतात. बाकी सहा गिटारींच्या तारा मी उतरवूनच ठेवते. हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण वाकड्या तोंडाने, थांबत थांबत बोलणाऱ्या माणसाला ‘तू कधी येशील सांगता येत नाही’ असं कसं सांगायचं? मी हो म्हटलं.

पहिला पावसाळा नीट गेला. दर रविवारी मी केस उघडत होते, पट्टी सरकवून बघत होते. या फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, हातात जे परत यायचं होतं ते येऊन गेलं, आता फार अपेक्षा ठेवू नका. त्या रविवारी केस उघडली तर आत त्याचा पिवळा रुमाल दिसला. वाजवताना कोपराखाली घ्यायचा तो. मी केस बंद केली. पुढच्या रविवारी वरूनच हात लावला आणि चौकोनात खूण केली. त्यापुढच्या रविवारी हातही लावला नाही. मीटर पन्नास दाखवत होता, खोली कोरडी होती, बिघडणार काय होतं?

बिघडलं ते असं. त्याची केस मोठी, कडक, रॅकमध्ये मावत नव्हती. म्हणून मी ती कपाटावर ठेवली होती, खाडीकडच्या भिंतीला टेकवून. बाहेरून त्या भिंतीला चिरा आहेत. सोसायटीने काम पुढच्या वर्षावर ढकललं आणि त्या मीटिंगच्या इतिवृत्तावर माझीच सही आहे. जूनमध्ये भिंत पाणी प्यायली. मीटर दाराजवळ होता, त्याला हे कळणार नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी दादाचा फोन आला.

“ए कारकुनीण, एफ धरला.”

“काय?”

“एफ! पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात तो. लाटण्यावर धरला. चार महिने प्रॅक्टिस करतोय, तुला मुद्दाम सांगितलं नाही. रविवारी येतो. तिला बाहेर काढून ठेव.”

मागून वहिनींचा आवाज आला, “माझं लाटणं परत द्यायला सांगा आधी. चपात्या काय हाताने थापू?”

फोन ठेवला आणि स्टूल घेऊन केस खाली काढली. भिंतीकडची बाजू ओली होती. उघडली तर वास आधी आला. ब्रिज मागच्या बाजूने उचलला गेला होता. कागदाची पट्टी सोडा, माझं नख आत गेलं. त्याच्यामागे वरची फळी फुगली होती आणि तिच्यात बोटभर चीर होती. आत बुरशीचा पांढरा थर. पिवळा रुमालही काळा पडला होता.

मग यादीकडे गेले. मार्चपासून खुणा मोजल्या. एकोणीस. सगळ्या एकाच निळ्या पेनाने, चौकोनाच्या बरोब्बर मधोमध.

गुरुवारी अर्धी रजा टाकून गिटार तुर्भ्याला नेली. तिथे एका गाळ्यात जुनी वाद्यं दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत, माझ्या बाकीच्या गिटारी त्यांच्याच हातून गेल्यात. मूळ धंदा होड्यांचा, खाडीकाठच्या गावातले. लाकूड आणि पाणी यांच्याबद्दल त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांनी आधी तारा सोडल्या, मग आत टॉर्च मारला.

“तारा कोनी तानून ठेवल्या?”

“मी.”

“तुमी?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाकीच्यांच्या तर उतरवता.”

मी दादाचं सांगितलं. ते फळीवरून अंगठा फिरवत राहिले.

“सरस जुना हाय, म्हनजे सोडवता येल. पन आतल्या आधाराच्या दोन पट्ट्या बी सुटल्यात. पूर्न फळी काढावी लागल. दोन महिने सुकवायला. आनि सांगून ठेवतो, परत चिकटवल्यावर आवाज तोच येल याची खात्री नाय.”

“नाही काढली तर?”

“तर भिंतीवर लावा शोभेला. तिला तार सोसनार नाय.” आणि मग, “मालकाला इचारून या. मालकानं हो म्हटल्याशिवाय मी जुनी फळी काढत नाय.”

तोपर्यंत सातही गिटारींच्या यादीवर मालक म्हणून माझंच नाव होतं.

तर रविवार. दादा काठीशिवाय आला. सोफ्यावर बसायच्या आधी डावा हात पुढे करून त्याने पाचही बोटं एकेक मिटून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी.

“कुठाय?”

“सर्व्हिसिंगला दिलीय,” मी म्हणाले. “तुर्भ्याला. तू येणार म्हणून.” नवरा कपात साखर ढवळत राहिला. त्याला सगळं माहीत होतं.

दादाचा चेहरा जरा उतरला. “अगं, आज द्यायची का?”

“हिच्यावर वाजव ना.” मी कोलकात्याच्या जुन्या कारखान्याची गिटार तारा चढवून तयार ठेवली होती. त्याने घेतली. सी वाजला. ए मायनर वाजला. एफला बोट आडवं पडलं. चार तारा बोलल्या, दोन नुसत्या खरखरल्या. त्याने पुन्हा धरला. कपाळावर घाम आला. वहिनी हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

“हिची मान जाड आहे,” तो शेवटी दांडीवरून तळवा फिरवत म्हणाला. “माझ्या गिटारीवर होईल. तिची मान या हाताला पाठ आहे.” मग एकदम, “तारा उतरवल्या नाहीस ना तिच्या?”

“नाही.”

“शाब्बास. बघ,” तो वहिनींना म्हणाला, “मी सांगत नव्हतो? ही शब्दाला पक्की आहे.”

नंतर गिटारी बघायला तो खोलीत गेला. मी मागोमाग गेले, पण तोवर त्याने कपाटाचं दार उघडलं होतं. सातव्या ओळीवर बोट ठेवून तो फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत सरकत गेला. डाव्या हाताचं बोट.

“एक रविवार चुकला नाही,” म्हणाला. “मला माझी गोळी दोन दिवस लक्षात राहत नाही. आणि तू बघ.”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, “बादली भरली असेल,” आणि बादली घेऊन बाथरूममध्ये गेले. ती अर्धीसुद्धा भरली नव्हती.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, “अगं, त्याला राग येईल, ओरडेल, संपेल. किती दिवस ठेवणार?”

“त्याने ओरडावं याची मला भीती नाही.”

“मग?”

मी कप उचलून आत नेले. उत्तर आता देता येतं. त्या चार महिन्यांत दादा लाटण्यावर बोटं दाबत होता, कारण त्याच्या डोळ्यांसमोर माझ्याकडे सुरात ठेवलेली एक गिटार होती. ती तशी नाही हे कळल्यावर तो उद्या लाटणं हातात घेईल का?

याला तीन आठवडे झाले. दादाचा दोनदा फोन आला. “सर्व्हिसिंग आहे की बायपास?” असं एकदा विचारलं. मिस्त्रींनी एकदाच विचारलं, मालक काय म्हणाले. फळी त्यांनी काढलेली नाही. गिटार त्यांच्या गाळ्यात तारांशिवाय कोरड्या फडक्यात आहे, आणि जितकी थांबेल तितकी चीर लांबेल असं ते म्हणाले.

दरम्यान बाकीची कामं झाली. मीटर भिंतीजवळ हलवला. दुसरा आणला. सगळ्या केस भिंतीपासून हातभर लांब घेतल्या. पिवळा रुमाल तीनदा धुतला. डाग पुसट झालेत, गेलेले नाहीत. जुनी यादी काढून फाईलला लावली, एकोणीस खुणांसकट. खोडल्या नाहीत. सोसायटीला चिरांबद्दल पत्र दिलं.

नव्या यादीत पहिल्या ओळीत ‘दादाला सांगणे, फळीचं विचारणे’ असं आहे. तिच्यापुढे चौकोन आहे. आज रविवार. पेन हातात आहे, फोन टेबलावर आहे, आणि चौकोन रिकामा आहे.