ज्या दिवशी वारं आलं नाही

सुरतेतल्या नवागामच्या एका गल्लीत सुभद्राबाईला दोन रूपं होती. वर्षभर ती हेमराजची बायको, घरी बसून साड्यांचे धागे कापणारी, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसायची. नारळाला नथ घालून, डोळे लावून चौरंगावर मांडायचे, आणि सोमवारी सकाळी तिला तापीवर पोचवायला निघण्याआधी सुभद्राबाईच्या अंगात वारं यायचं. मग ती ‘माय’ व्हायची, आणि गल्ली हात जोडून उभी राहायची.

प्लेगच्या साली, चौऱ्याण्णवला, अर्धं सुरत गाठोडी बांधून स्टेशनाकडे धावत होतं, तेव्हा सण होऊन गेलेला असूनही वारं आलं होतं. गावाला जा, दारं नुसती ओढून घ्या, कुणाचं भांडं हलणार नाही, असं माय बोलली. माणसं गेली, परतली, आणि चुलीवरचा तवासुद्धा जागच्या जागी होता. तेव्हापासून लग्न, नोकरी, गावाकडची वाटणी, सगळं मायला विचारूनच होऊ लागलं.

हेमराजचा थोरला भाऊ हिलाल भाऊबंदांचा कारभारी होता. मोठा आवाज, भरघोस मिशा. जेठासमोर बोलायचं नाही ही रीत, म्हणून लग्न होऊन आल्यापासून सुभद्राबाई त्याच्यासमोर एक शब्द बोललेली नव्हती. पण वारं आलं की ती त्याला ‘अरे हिलाल’ अशी हाक मारी, आणि हा दांडगा माणूस तिच्या पायांवर डोकं ठेवी.

मग प्रमोद गेला. एकुलता एक मुलगा, काविळीने. मागे राहिली तरणी बायको रंजना आणि अंगावर पिणारी वृषाली. सुभद्राबाईने मायला काही विचारलं नाही. जिच्या अंगात देवी येते, तिने विचारायचं कुणाला?

दोन वर्षांनी रंजनासाठी स्थळ आलं. बन्सीलाल, सुरतेजवळच्या सचिन गावी रंगाच्या कारखान्यात कामाला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. विधवेचं दुसरं लग्न, पाट लावायला कुणाची ना नव्हती. अडलं ते पोरीवर. बन्सीलाल म्हणाला, पोरीला मी वाढवीन. हिलाल म्हणाला, रक्त आमचं आहे, पोर इथेच राहील.

सुभद्राबाईच्या मनातही तेच होतं. वृषाली तिच्याच कुशीत झोपायची, तिला ‘मोठी माय’ म्हणायची, हसताना प्रमोदसारखी मान वाकडी करायची. पोर गेली तर घरात दोन म्हातारी माणसं आणि धाग्यांचा ढीग उरणार होता. साड्या पुढ्यात घेऊन ती गुपचूप रडायची. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून हेमराजचे कान गेले होते. तो तिच्याकडे बघून म्हणायचा, “मोकळी रड. मला कुठं ऐकू येतंय?”

शेवटी हिलालने तोड काढली. सोमवारी कानबाईलाच विचारू. माय सांगेल ते दोन्ही बाजूंनी मानायचं. रंजना लगेच कबूल झाली. रविवारी कणीक मळता मळता ती सासूला म्हणाली, “आत्या, माझी काही भीती नाही. माय खोटं बोलायची नाही.”

तो विश्वास सुभद्राबाईला कणकेहून जड वाटला.

सोमवार उजाडला. दारात टेम्पो उभा राहिला, डफ वाजू लागला, बायकांनी गाणी धरली. सुभद्राबाई चौरंगासमोर बसली. तिने केस सोडले, डोळे मिटले. दरवेळी आधी बेंबीपाशी ऊब यायची, मग मान जड व्हायची, आणि मग पुढचं तिचं तिला कळायचं नाही. आज ऊब आली नाही. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मंदा नावाची शेजारीण कुजबुजली, “आज उशीर लागतोय गं.”

शरीराला सगळं पाठ होतं. सुभद्राबाईने खांदे हलवले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. डफवाल्याने लगेच ठेका वाढवला. हिलाल हात जोडून पुढे सरकला. ज्याने कधी नाटकासाठी तोंडाला रंग फासला आहे त्याला ही घडी ठाऊक असते: समोरचे सगळे तयार असतात, फक्त आपण बोलायचं बाकी असतं. ‘पोर इथेच राहील.’ तीन शब्द. रंजनाने ते डोळ्यांतलं पाणी पुसत मानले असते आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं.

तिसऱ्यांदा खांदा हलला आणि सुभद्राबाईला आपल्याच बांगड्या ऐकू आल्या. वारं असताना त्या कधी ऐकू आल्या नव्हत्या. ती थांबली. माय खोटं बोलायची नाही, असं रंजना म्हणाली होती. पोटात जिथे ऊब यायची तिथे आत्ता नुसती शांतता होती, आणि त्या शांततेत तिला जे करायचं ते इतकं स्पष्ट दिसत होतं, की देवीची वाट बघायचं कारणच उरलं नव्हतं.

तिने केस बांधले, डोक्यावर पदर घेतला आणि मान वर केली. डफ बंद पडला.

“आज माय नही उनी,” ती हिलालकडे बघून म्हणाली. “हाई मी बोलस, सुभद्रा. पोर तिनी मायसंगे जाई.”

हिलालचे जोडलेले हात तसेच राहिले. जेठासमोर भावजय बोलली, आणि तीही देवी होऊन नाही. तो तिच्याकडे न बघता भावाकडे वळला. “हेमराज, तुझी बायको काय म्हणाली?”

हेमराजने तिचे ओठ वाचले होते. “बरोबर म्हणाली,” तो बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात बोलला. “सगळ्या गल्लीनं ऐकलं. तूच एक बहिरा?”

एका बाईला हसू आवरलं नाही. हिलालने मिशीवरून हात फिरवला. मग त्याने चौरंगाची एक बाजू उचलली आणि हेमराजला दुसरी उचलायची खूण केली. पोरीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

तापीच्या काठावर रंजना सासूशेजारी येऊन बसली. “आत्या, माय रागावली असेल का?”

“ठाऊक नाही गं. रागावली तर माझ्यावर रागावेल. तुझं यात काही नाही.”

दिवाळीनंतर पाट लागला. सुभद्राबाईने वृषालीची वेणी घातली, कपड्यांची पिशवी भरली आणि बन्सीलालला अंगणात एका बाजूला बोलावलं. परक्या पुरुषाशी अशी उभी राहून ती आयुष्यात बोलली नव्हती. झोपताना पोरीला पाठीवर हात लागतो, म्हणाली. ताप आला तर ती सांगत नाही, गप्प बसते, तेव्हा कपाळ बघत जा. पायातली चप्पल उलटसुलट घालते, रागावू नका.

बन्सीलाल मान डोलावत ऐकत राहिला.

“आणि मधून मधून घेऊन या,” ती म्हणाली. “नाही आणलीत, तर मीच सचिनला येईन.”